शेळीला जमतंय, मग आप्पांना का नाही?

नदीकाठची | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. पाच-सहा वर्षं नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या काठाला. आप्पा ६७ वर्षांचे. विसाव्या वर्षी गळ्यात माळ घातली, तेव्हापासून मांस-मच्छी सोडाच, अंडंसुद्धा घराच्या उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. साखर आहे, नऊ वर्षं गोळी चालू आहे. गेल्या दिवाळीपासून पायाला मुंग्या येतात म्हणायचे. आम्ही सगळं साखरेवर ढकललं. मग एक दिवस बघते तर आप्पा गोठ्यातून परत येतायत, एका पायात चप्पल, दुसरा पाय शेणात. चप्पल कधी निसटली ते त्यांना कळलंच नव्हतं.

बेळगावला आणून रक्त तपासलं. बी-१२ आलं १०८. शेजारी छापलंय, २०० च्या खाली कमी. डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिली, ती सुरू आहेत. रिपोर्ट इंग्रजीत, औषधाच्या पाकिटावरची सूचना कन्नडमध्ये, आणि आप्पांना समजावून सांगायचं मराठीत. ते काम माझ्याकडे.

तर आप्पांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत: "जीवनसत्त्व जेवणात असतंय म्हणतीस, तर दोन वक्त जेवूलालोय की मी. आणि जेवणात नसतंय, तर त्या शेळीला कुठनं मिळतंय? निस्ता पाला खाऊलाल्या, बघ कशी टुणटुणीत हाय."

मला उत्तर देता आलं नाही. शरीर रक्त करतं, हाडं करतं, अश्रू करतं, केस तर नको तिथेही करतं. मग ही कणभर वस्तू त्याला का करता येऊ नये? बाहेरून का आणावी लागते? कुणी सोप्या भाषेत सांगेल का?

येळ्ळूरकर | सोमवार, रात्री १०:०५

आप्पांचा प्रश्न एक नंबर. वाचूलालोय.

काचनळी | सोमवार, रात्री ११:२०

मी डॉक्टर नाही. रक्ताच्या नळ्या हाताळणारा माणूस आहे, शिक्षण जीवरसायनशास्त्राचं. प्रयत्न करतो.

आप्पांच्या शेळीत खरं तर दोन वेगवेगळ्या गोष्टी लपल्यात. एक ती स्वतः करते. दुसरी तिचे भाडेकरू करतात.

स्वतः करते ते व्हिटॅमिन सी. शेळी, गाय, कुत्रा, मांजर, सगळे आपापल्या यकृतात साध्या साखरेपासून सी तयार करतात. शेळी तर रोज ग्रॅमच्या हिशेबात करते. आपल्याला दिवसाला ६५ ते ८० मिलिग्रॅम लागतं आणि तेवढंही करता येत नाही. गंमत म्हणजे कारखाना आपल्याकडेही होता. साखरेपासून सी पर्यंत बऱ्याच पायऱ्या आहेत. त्यातल्या शेवटच्या पायरीचं विकर, म्हणजे एन्झाइम, ज्या जनुकावरून बनतं ते जनुक आपल्या पेशींत आजही आहे, पण मोडक्या अवस्थेत. माकडांच्या बहुतेक जातींत आणि वानरांत तसंच. गिनीपिगचंही मोडलं, पण ते वेगळं, स्वतंत्रपणे.

मोडलं तरी चाललं कसं? आपले ते पूर्वज झाडावर राहून दिवसभर फळं आणि कोवळा पाला खायचे. सी आयतं पोटात पडत होतं. ज्याचं जनुक बिघडलं त्याचं काही अडलं नाही, त्याला पिल्लं झाली, वंश वाढला. आमच्या घरी गावात गिरणी आल्यावर जातं परसात गेलं. वर्षभर कुणी हात लावला नाही. मग त्याचा खुंटा मोडला, तेव्हाही कुणाला काही वाटलं नाही, कारण पीठ येतच होतं. आता गिरणी बंद पडली तर मात्र दळायचं कशावर? सीचं तसंच झालं.

बी-१२ ची कथा निराळी. तो कारखाना आपल्याकडे कधी नव्हताच. शेळीकडेही नाही, म्हशीकडेही नाही, कुठल्याच झाडाकडे नाही. तीसेक पायऱ्यांचं किचकट काम आहे ते, आणि ते फक्त काही सूक्ष्मजंतूंना येतं. शेळीच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात असे जंतू कोट्यवधी राहतात. मातीतून पाल्यात किंचित कोबाल्ट येतं, जंतू त्यापासून बी-१२ करतात, शेळी पुढच्या आतड्यात ते शोषून घेते. बी-१२ चं शास्त्रीय नाव कोबालमिन, ते कोबाल्टवरूनच. तेव्हा आप्पांना सांगा, शेळी पाला खाते हे अर्धं खरं. तिच्या पोटात तिने वाडा बांधून भाडेकरू ठेवलेत आणि ती भाडं बी-१२ मध्ये घेते.

नदीकाठची | मंगळवार, सकाळी ७:१५

भाडेकरू आप्पांना फार आवडले. लगेच पुढचा प्रश्न आला: "मग माझ्या पोटातबी जंतू हाईतच की. ते काय फुकट राहूलालेत?"

काचनळी | मंगळवार, सकाळी ८:०२

:-) राहतात आणि थोडंफार बी-१२ करतातही. पण त्यांची खोली मोठ्या आतड्यात, आणि बी-१२ शोषून घेणारं दार लहान आतड्याच्या शेवटाला. म्हणजे दार वर, माल खाली. वर परत चढायची सोय नाही. ससा यावर तोडगा काढतो, स्वतःची एक प्रकारची मऊ लेंडी परत खातो. आप्पांना हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

येळ्ळूरकर | मंगळवार, सकाळी ८:३०

नाष्ट्याच्या टायमाला काय वो हे!

सिस्टरताई | मंगळवार, दुपारी २:१०

दवाखान्यात ३१ वर्षं नोकरी केली, आता घरी. नदीकाठची, तुझ्या आप्पांसारखे माळकरी मी वॉर्डात किती बघितले असतील! सगळ्यांची गोष्ट एकच: "साखरेमुळे मुंग्या." पण साखरेची जी गोळी सर्रास देतात, मेटफॉर्मिन, तीच बऱ्याच वर्षांनी बी-१२ शोषायला अडथळा करते. आम्लपित्ताची गोळी वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्यांचंही तसंच, कारण अन्नातून बी-१२ सुटायला जठरातलं आम्ल लागतं. वयानेही आम्ल कमी होतं. आप्पांकडे तिन्ही जमलंय: शाकाहार, वय, गोळी. म्हणून मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका हं! डॉक्टरांना फक्त सांगा की इतकी वर्षं चालू आहे.

आणि एक. अशक्तपणा आहे म्हणून कुणी नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणून देईल, त्या बी-१२ तपासल्याशिवाय देऊ नका. रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि आतून नसांचं नुकसान चालूच राहतं. नसेवर वायरीसारखं एक आवरण असतं, ते बी-१२ शिवाय नीट राहत नाही. चप्पल निसटलेली कळत नाही ते त्यामुळे.

जाता जाता विचारते, आप्पा दूध किती पितात?

नदीकाठची | मंगळवार, रात्री ९:००

ताई, इथेच गोची आहे. आमच्याकडे दोन म्हशी. दोन्ही वेळचं मिळून नऊ-साडेनऊ लिटर. नऊ लिटर डेअरीला. उरलेलं अर्धा लिटर पाच माणसांच्या चहाला. दही विरजायचं ते सणाला.

काचनळी | मंगळवार, रात्री ९:२५

हिशेब करून बघू. दुधात शंभर मिलीला बी-१२ अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आगेमागे. पाच जणांत अर्धा लिटर म्हणजे माणशी शंभर मिली, अर्धा मायक्रोग्रॅम. तोही चहात खळखळ उकळून थोडा जाणार. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं २.२ मायक्रोग्रॅम. बाकीचं येणार कुठून?

पण मग इतकी वर्षं निभावलं कसं? यकृत बी-१२ चा साठा ठेवतं, काही मिलिग्रॅमचा. आणि वर्षभराची आपली गरज एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही! तेव्हा कणग्यात धान्य आहे तोवर कुणाला पत्ता लागत नाही. तळ लागला की मुंग्या. बी गटातली बाकीची आणि सी मात्र अशी साठत नाहीत, ती येत राहावी लागतात.

येळ्ळूरकर | मंगळवार, रात्री १०:१०

नऊ लिटर डेअरीला आणि मालकाला इंजेक्शन. आमच्या गल्लीत घरटी हेच चाललंय. मी सुद्धा त्यातलाच, कशाला लपवू.

निसर्गवेडा | बुधवार, सकाळी ६:५०

हे सगळं औषध कंपन्यांचं गणित आहे. आपल्या पूर्वजांना बी-१२ माहीत होतं का? भाज्या न धुता खा, मातीतून भरपूर बी-१२ मिळतं. नाहीतर स्पिरुलिना घ्या, शुद्ध शाकाहारी.

सिस्टरताई | बुधवार, सकाळी ७:२०

भाज्या न धुता खाऊन काय मिळतं ते मी वॉर्डात बघितलंय. जंत मिळतात. कृपा करून असले सल्ले देऊ नका.

काचनळी | बुधवार, सकाळी ९:४०

स्पिरुलिनात जे असतं ते बहुतांशी बी-१२ चं तोतया रूप. तपासणीत आकडा दिसतो, शरीराला उपयोग नाही.

माळकऱ्यांसाठी मुद्दाम लिहितो, कारण नंतर हाच प्रश्न येणार: गोळीतलं किंवा इंजेक्शनातलं बी-१२ मांसातून काढत नाहीत. कारखान्यात मोठ्या टाक्यांत जंतू वाढवून त्यांच्याकडून करून घेतात. शेळीच्या पोटातलंच काम, पोलादी पोटात. फक्त कॅप्सूलचं टरफल कधीकधी जिलेटिनचं असतं, ते जनावरापासून येतं. तेवढं विचारून घ्यावं.

पाटीपेन्सिल | बुधवार, दुपारी ४:३०

इतिहासाचा नाद असल्यामुळे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

साल १८९० च्या आसपास. जावा बेटावर डचांचं राज्य. बेरीबेरी नावाच्या रोगाने सैनिक आणि कैदी पाय लुळे पडून मरत होते. ख्रिस्तियान आइकमन हा डॉक्टर त्यामागचा जंतू शोधत होता. तेव्हा पाश्चरचा जमाना, प्रत्येक रोगाला जंतू असणारच अशी खात्री. त्याच्या कोंबड्यांना अचानक तसाच रोग जडला, लटपटायला लागल्या. आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या! शोध घेता कळलं, मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी दवाखान्याच्या मुदपाकखान्यातला उरलेला पांढराशुभ्र भात घातला जात होता. मग नवा आचारी आला. त्याने सांगितलं, लष्कराचा तांदूळ बिगर-लष्करी कोंबड्यांना मिळणार नाही. कोंबड्या परत कोंडा असलेल्या स्वस्त तांदळावर आल्या आणि उभ्या राहिल्या.

आइकमनला आधी वाटलं, पांढऱ्या भातात विष असावं आणि कोंड्यात उतारा. त्याच्यामागून आलेल्या ग्राइन्सने १९०१ मध्ये बरोबर ओळखलं: विष नाही, काहीतरी *कमी* आहे. "नसल्यामुळे" रोग होतो ही कल्पनाच तोवर कुणाच्या डोक्यात शिरत नव्हती. १९१२ मध्ये कासिमिर फुंकने त्या नसलेल्या वस्तूला, म्हणजे आजच्या बी-१ ला, 'व्हायटामाइन' नाव दिलं, जीवनाला लागणारं अमाइन (नायट्रोजन असलेलं एक प्रकारचं रसायन). पुढे लक्षात आलं की सगळी काही अमाइन नाहीत, म्हणून १९२० मध्ये इंग्रजी नावाच्या शेपटीचं 'e' अक्षर छाटलं. आइकमनला १९२९ चं नोबेल मिळालं. आचाऱ्याला काही मिळालं नाही.

येळ्ळूरकर | बुधवार, रात्री ८:४५

हे आमच्या वाटणीचं. आमच्या शिवारात भात पिकतं, येळ्ळूर-वडगाव-शहापूरकडचा बासमती एकेकाळी घमघमायचा. आजी उखळात कांडायची. तांदूळ तांबूस दिसायचा, शिजायला वेळ लागायचा. मग हलर आलं. आता गिरणीत सांगतात, "अण्णा, दोन पॉलिश मारू?" आणि आम्हीच म्हणतो मार, पाव्हण्यांच्या ताटात पांढरा दिसला पाहिजे. कोंडा जातो जनावराला.

म्हणजे बी-१ म्हशीला, बी-१२ डेअरीला. आम्हाला काय?

गोवावेस | बुधवार, रात्री ९:०५

तुम्हाला सबसिडी.

काचनळी | बुधवार, रात्री ९:५०

येळ्ळूरकर, पाव्हण्यांसमोरची अब्रू राखून एक वाट आहे, उकडा तांदूळ. भात सालीसकट भिजवून वाफवलं की कोंड्यातलं बी-१ दाण्याच्या आत झिरपतं, मग पॉलिश मारलं तरी बरंचसं टिकतं. गोव्याकडचे आणि आपल्या घाटाखालचे लोक उकड्याची पेज पितात. तांदूळ पाच पाण्यांनी चोळून धुणं आणि पेज ओतून देणं तेवढं थांबवा.

आता धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे. एवढ्याशा वस्तूने माणूस आडवा का होतो? बी-१ दिवसाला दीड मिलिग्रॅमच्या आत लागतं. वर्षाचं मोजलं तर अर्धा ग्रॅम, दोन बोटांत मावणारं मीठ. कारण जीवनसत्त्व हे सरपण नाही. भाकरी, भात, तेल हे सरपण. जीवनसत्त्व विकराच्या हातातलं हत्यार असतं. सुताराकडे लाकूड ढीगभर असू दे, पटाशी नसेल तर चौकट होत नाही, आणि एक पटाशी शेकडो चौकटींना पुरते. साखरेतून ऊर्जा काढायच्या वाटेवर एका मोक्याच्या जागी बी-१ लागतं. ते नसलं की पोटभर भात खाऊनही नसा आणि हृदय उपाशी. सीचं काम दोर वळण्याचं. कातडी, हिरड्या, रक्तवाहिन्या ज्या कोलॅजनवर उभ्या असतात त्याचे तीन धागे एकमेकांत पिळलेले असतात. तो पीळ पक्का बसायला सी लागतं. नसलं की पीळ सुटतो. जुन्या काळी महिनोन्‌महिने समुद्रावर असलेल्या खलाशांच्या हिरड्या सडायच्या आणि कित्येक वर्षांपूर्वी भरलेल्या जखमा पुन्हा उघडायच्या, त्या यामुळे.

पाटीपेन्सिल | बुधवार, रात्री १०:१५

१७४७, ब्रिटिश आरमारातला डॉक्टर जेम्स लिंड. बारा आजारी खलाशी, दोघादोघांच्या सहा जोड्या. कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी, कुणाला सायडर. संत्री-लिंबं मिळालेली जोडी आठवड्याभरात कामाला लागली.

भाकरतुकडा | गुरुवार, सकाळी १०:००

तांदूळवाल्यांचं झालं असेल तर अथणीकडून एक आवाज. आम्ही भाकरीवाले. ज्वारीची भाकरी, पुंडीची भाजी, शेंगाचटणी. आम्हाला यातला कुठलाच रोग नाही. :-D

पाटीपेन्सिल | गुरुवार, सकाळी ११:३०

पाटी फोडू नका, पण ज्वारीचंही एक प्रकरण आहे. पेलाग्रा नावाचा रोग नायसिन, म्हणजे बी-३, कमी पडल्याने होतो. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर, गळ्याभोवती तर माळ घातल्यासारखे काळपट चट्टे, जुलाब, शेवटी बुद्धिभ्रम. जगात तो मक्यावर जगणाऱ्या गरिबांत दिसला. आणि आपल्या दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्यांत! हैदराबादच्या पोषण संस्थेत सी. गोपालन आणि श्रीकंटिया यांनी १९६० मध्ये त्यावर लिहिलं.

भाकरतुकडा | गुरुवार, सकाळी ११:४१

ज्वारीची बदनामी थांबवा. माझे आजोबा ९२ वर्षं जगले, ज्वारीवर.

पाटीपेन्सिल | गुरुवार, दुपारी १२:०५

नुसत्या ज्वारीवर? सोबत काय होतं?

भाकरतुकडा | गुरुवार, दुपारी १२:२०

ताक. डाळ. शेंगाचटणी तर हवीच, तिच्याशिवाय घास उतरत नाही.

काचनळी | गुरुवार, दुपारी १:१०

तुम्हीच उत्तर दिलंत! ज्वारीत ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल जास्त, त्यामुळे नायसिनचा हिशेब बिघडतो असं गोपालन यांनी मांडलं होतं. त्यावर शास्त्रज्ञांत बराच वाद झाला. पण रोग होणारे लोक कोण होते, यावर वाद नाही. ज्यांच्या भाकरीसोबत मिरची-मीठ सोडून काही नव्हतं ते. शेंगदाणा नायसिनने भरलेला असतो. डाळीत, ताकात ट्रिप्टोफॅन नावाचं दुसरं अमिनो आम्ल असतं, त्यातून शरीर स्वतः थोडं नायसिन करतं. साठ मिलिग्रॅमला एक मिलिग्रॅम असा महाग भाव पडतो, पण करतं. तेव्हा नदीकाठची, "शरीर करतं की आणतं" ही रेघ इतकी सरळ नाही. ड चं बघा, ऊन लागलं की कातडीत तयार होतं, कोपऱ्यावरच्या दुकानात दिवसभर बसलं की होत नाही.

आजोबांना तारलं ते ज्वारीने आणि तिच्या शेजारणींनी मिळून.

भाकरतुकडा | गुरुवार, दुपारी १:१५

बरं. चटणीसाठी माफ केलं.

रविवारपेठ | गुरुवार, रात्री ८:००

रताळ्याचा उल्लेख कसा काय नाही? बेळगावची रताळी दिल्लीपर्यंत जातात. त्यात अ जीवनसत्त्व भरपूर असतं ना? गिऱ्हाइकाला सांगायला बरं.

काचनळी | गुरुवार, रात्री ८:३५

निराश करतो. आपलं रताळं बाहेरून लाल, आतून पांढरं. अ ज्यापासून बनतं ते बीटा-कॅरोटीन केशरी गराच्या रताळ्यात असतं. भू सोना नावाची तशी जात भारतीय शास्त्रज्ञांनी काढलेली आहे. गर केशरी तर अ, पांढरा तर पिष्ट आणि थोडं सी. पपई, गाजर, शेगटाचा पाला, पोकळा, यांवर भिस्त ठेवा. आणि तेलाची फोडणी हवी. अ, ड, ई, के ही चार तेलातूनच शोषली जातात.

सिस्टरताई | गुरुवार, रात्री ९:१०

रातांधळेपणा आता कमी दिसतो. मी नोकरीला लागले तेव्हा बायका सांगायच्या, "दिवे लागणीला पोर उंबऱ्याला ठेचकाळतंय." अंगणवाडीत मुलांना अ चा डोस पाजतात, तो कार्यक्रम १९७० पासूनचा. पण अ आणि ड अंगात साठतात, म्हणून "व्हिटॅमिनच आहे, काय होतंय" म्हणून मनाने बाटल्या रिचवू नका. के चंही ऐका. हृदयाची झडप बदललेला एक रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर होता. कुणीतरी सांगितलं म्हणून रोज वाटीभर पालेभाजी खायला लागला आणि गोळीचा परिणाम उतरला. भाजी वाईट नव्हे, पण अशा माणसाने प्रमाण एकसारखं ठेवायचं आणि डॉक्टरांना विचारायचं.

संपादक मंडळ | गुरुवार, रात्री ९:३०

सदस्यांनी कृपया औषधांचे डोस इथे लिहू नयेत. चर्चा चांगली चालली आहे.

गोवावेस | शुक्रवार, सकाळी ११:००

पालेभाजीवरून आठवलं. फॉलिक ॲसिडचा शोध आपल्या मुंबईत सुरू झालाय. ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना विचित्र प्रकारचा रक्तक्षय व्हायचा, रक्तपेशी मोठ्या पण कामाला निकामी. बरेच प्रयोग करून तिने दाखवलं की यीस्टचा काळा चिकट अर्क, मार्माइट, दिला की तो बरा होतो. आत काय होतं ते तिलाही माहीत नव्हतं. १९४१ मध्ये ते पालकाच्या टनावारी पाल्यातून वेगळं केलं, म्हणून लॅटिनमधल्या पानावरून नाव फॉलिक. नंतर ते कारखान्यात करायची रीत काढणाऱ्यांत आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते.

मुलीचं लग्न ठरलं की आमच्याकडे सोन्याचा भाव बघतात. फॉलिक ॲसिडचं बघायला हवं. बाळाचा मज्जारज्जू पहिल्या चार आठवड्यांत मिटतो, त्याला फॉलिक ॲसिड लागतं, आणि तोवर दिवस गेल्याचंही धड कळलेलं नसतं.

नदीकाठची | शुक्रवार, रात्री ९:४५

आज वेगळाच प्रकार कळला. रेशनच्या तांदळात मधूनमधून जरा वेगळे, पिवळसर दाणे येतात. गावात सगळे म्हणतात प्लास्टिकचा तांदूळ. आई दर महिन्याला दुपारभर सूप घेऊन बसते, एकेक दाणा वेचते आणि शेजारच्या काकींच्या कोंबड्यांना टाकते. काल धागा वाचून दाखवताना सहज बोलली. हे दाणे नेमके काय असतात?

काचनळी | शुक्रवार, रात्री १०:०५

अरे देवा. ते प्लास्टिक नव्हे. तांदळाचंच पीठ, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून परत दाण्याचा आकार देतात. साध्या शंभर दाण्यांत असा एक. म्हणून रंग वेगळा, म्हणून कधी पाण्यावर तरंगतात. किलोभर तांदळात बी-१२ एक मायक्रोग्रॅमच्या आसपास. तेवढ्याने आप्पांचं भागणार नाही, पण वेचून टाकण्यासारखंही नाही.

पाटीपेन्सिल | शुक्रवार, रात्री १०:०८

पुन्हा कोंबड्यांनाच!!!

येळ्ळूरकर | शुक्रवार, रात्री १०:११

जावातला आचारी खानापुरात जन्माला आला म्हणायचं.

गोवावेस | शुक्रवार, रात्री १०:३०

हसून ठसका लागला. पण खरंच, काकींच्या कोंबड्या कशा आहेत?

नदीकाठची | शुक्रवार, रात्री १०:४४

गावात सगळ्यात तगड्या. :-( आईला सांगितलं तर म्हणाली, "मला काय म्हाईत, कुणी सांगितलं काय?" खरंच आहे, रेशन दुकानात कुणी सांगितलं नव्हतं.

सिस्टरताई | शनिवार, सकाळी ८:००

शाळेचंही बघ. मुलांना अंडं देतात, ज्यांना चालत नाही त्यांना केळं, पूर्वी शेंगाची चिक्कीही द्यायचे. चिक्की चांगलीच, भाकरतुकडा सांगतीलच. पण बी-१२ दोन्हींत शून्य. शाकाहारी पोरांच्या आयांनी घरी दूध-दही बघावं.

नदीकाठची | (साडेतीन महिन्यांनी) रविवार, रात्री ८:२०

धागा वर काढतेय, माफ करा. बऱ्याच जणांनी व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलं म्हणून.

इंजेक्शनांचा पहिला टप्पा झाला, आता महिन्यातून एक. मेटफॉर्मिनचं डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी गोळी तशीच ठेवली आणि बी-१२ ठराविक काळाने तपासायचं ठरवलं. मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत. डावा तळवा अजून बधिर आहे, नसांना वेळ लागतो म्हणाले. पण चपला दोन्ही पायांत असतात. जिभेची आग थांबली. ती होती हेच त्यांनी आम्हाला आत्ता सांगितलं.

घरात बदललं ते एवढंच: धार काढून झाली की डेअरीची किटली भरायच्या आधी आप्पांचा तांब्या भरतो. पहिल्या आठवड्यात भाऊ कुरकुरला, बिलात फरक पडतो म्हणून. आप्पा म्हणाले, "म्हस माझी, भाडेकरूबी माझेच." विरजण रोज लागतं. आईने सूप खुंटीला टांगलंय.

आणि हो, आप्पांनी तुमच्यासाठी प्रश्न पाठवलाय. "ते जंतू म्हशीच्या पोटात हाईत, टाकीत हाईत, इंजेक्शनातलं औषध बी तेंच्याकडनंच. मग ते जंतू शाकाहारी म्हणायचे का मांसाहारी? एकादशीला चालतंय का नाही ते इचार."

काचनळी | रविवार, रात्री ८:५१

याला वेगळा धागा काढा.